क्रीपरची चाकं आधी बघा, गादी नंतर

पत्र

नमस्कार दादा. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. बाबा ६३ वर्षांचे आहेत, एमआयडीसीतल्या एका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. घरची जुनी ओम्नी आणि माझी स्विफ्ट, दोन्हींचं ऑइल, ग्रीसिंग, ब्रेकपॅड सगळं तेच करतात. आजवर गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचे. मागच्या वर्षी मी त्यांना ऑनलाइन एक प्लॅस्टिकचा क्रीपर, म्हणजे गाडीखाली उताणं झोपून सरकायची चाकांची फळी, मागवून दिला. पावसाळा संपेपर्यंत त्याच्या दोन कोपऱ्यांची चाकं निखळली. तेव्हापासून तो माळ्यावर पडलाय आणि बाबा परत गोणपाटावर. वजन ९२ किलो, कंबर धरते, पण काही बोललं की म्हणतात, "मला काय म्हातारा समजतीस का?" पोर्चला शहाबादी फरशी आहे, गेटकडे थोडा उतार आहे. पाच-सहा हजारांत टिकाऊ क्रीपर कोणता घ्यावा? गादीवाला लोखंडी घेऊ का?

— बाबांची लेक, सातारा

उत्तर

ताई, सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात: शहाबादी फरशी आणि गेटकडे उतार. तुमचा प्लॅस्टिकचा क्रीपर बाबांच्या वजनाने मोडला असं तुम्हाला वाटत असणार. मला तसं वाटत नाही. तो फरशीच्या सांध्यांनी मोडला.

माळ्यावरून तो खाली काढा आणि उलटा करून बघा. चाकाचा वरचा दांडा प्लॅस्टिकच्या भोकात नुसता दाबून बसवलेला असेल. माणूस पाठीवर झोपून पायाने रेटा देतो, क्रीपर सरकतो आणि पुढचं चाक दोन फरशांमधल्या खाचेत पडतं. चाक तिथंच अडतं, पण ९२ किलोचं अंग पुढे जायला बघत असतं. तो सगळा हिसका त्या बोटभर दांड्यावर आडवा येतो. एकदा येतो, दहादा येतो, मग भोकाच्या कडेला केसासारखी चीर जाते. एक दिवस चाक हातात येतं. खोक्यावर १३६ किलोची क्षमता छापलेली असली (परदेशी मापात ते ३०० पौंड) तरी ती सपाट जमिनीवर, सगळीकडे सारखं पसरलेल्या वजनाची असते. आडव्या हिसक्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

म्हणून गादीवाला की बिनगादीचा, प्लॅस्टिक की लोखंड, हा विचार आपण नंतर करू. आधी चाक.

दुकानात क्रीपर हातात घेतला की तो लगेच उलटा करा. चाकाला वर चौकोनी लोखंडी पट्टी आहे का आणि ती चार बोल्टांनी सांगाड्याला आवळली आहे का, ते बघा. तसं असेल तर निम्मी परीक्षा पास. एकाच दांड्यावर उभं असलेलं चाक असेल तर निदान तो दांडा लोखंडी सांगाड्यातून आरपार जाऊन वर नटने आवळलेला हवा. प्लॅस्टिकच्या भोकात दाबून बसवलेलं चाक तुमच्या फरशीवर पुन्हा तेच करेल, मग कंपनी कोणतीही असो.

मग चाकाचा व्यास. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त क्रीपरना ५० मिलिमीटरची, म्हणजे दोन इंची चाकं असतात. गुळगुळीत कोब्यावर ती चालतात, शहाबादीच्या खाचेत अडकतात. ७५ मिलिमीटरचं, तीन इंची चाक त्याच खाचेवरून बऱ्यापैकी सहज जातं, कारण चाक जितकं मोठं तितकं ते खाचेत कमी उतरतं. चाकाची रुंदीही बघा. पातळ चाक बरोबर सांध्यात शिरतं, रुंद चाक दोन्ही फरशांच्या कडांवर टेकून पार होतं.

चाक कशाचं आहे यानेही बराच फरक पडतो. रबराची चाकं चालायला मऊ, पण इंजिन ऑइल आणि पेट्रोल लागलं की फुगतात आणि चिकट होतात, गाडीखाली तर हेच सांडणार. नायलॉनला ऑइलचं वावडं नसतं, ती हलकी पळतात, फक्त फरशीवर खडखड करतात आणि कधी ओरखडे काढतात. पॉलियुरेथेन म्हणजे दुकानात ज्याला पीयू म्हणतात ते, आवाज कमी करतं आणि ऑइललाही टिकतं. पण दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं तर पीयूचे काही प्रकार भुगा होऊन गळतात, आणि साताऱ्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा. तुमच्या पोर्चसाठी मी चांगल्या नायलॉनचं चाक निवडेन. आवाजाचं बाबांना काही वाटणार नाही, आयुष्य कंपनीत गेलंय.

चाकाच्या क्षमतेचा एक साधा हिशेब आहे, बाबांना तो लगेच पटेल. चार चाकं असली तरी ओबडधोबड जमिनीवर चारही एकाच वेळी नीट टेकत नाहीत, म्हणून वजन तीन चाकांवर आहे असं धरायचं. ९२ किलो बाबा, दहा-बारा किलो क्रीपर, वर पाने आणि बाकी हत्यारं, असे धरा ११० किलो. भागिले तीन, म्हणजे एका चाकावर ३७ किलो. हिसक्यासाठी थोडी जागा ठेवून प्रत्येक चाक निदान ५० किलोचं घ्या, त्याहून जास्त मिळालं तर उत्तमच. सहा चाकांचा क्रीपर मिळाला तर बरा, कारण मधली दोन चाकं कमरेच्या खालचा बाक सांभाळतात. पण सहा हलक्या चाकांपेक्षा चार दणकट चाकं कधीही चांगली.

आता खरी अडचण. मोठं चाक हवं म्हटलं की क्रीपर उंच होतो, आणि उंची आपल्याला परवडत नाही.

ओम्नीचं पोट जमिनीपासून साधारण साडेसोळा सेंटीमीटरवर असतं, स्विफ्टचंही जवळपास तेवढंच. बाबांसारख्या भरलेल्या माणसाची छाती उताणं झोपल्यावर जमिनीपासून सुमारे २५ सेंटीमीटर वर येते. म्हणजे गाडी न उचलता क्रीपरवरून खाली जाणं मुळात शक्यच नाही. गोणपाटावरसुद्धा बाबा गाडी उचलूनच जात असणार. ती कशावर उचलतात हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्यावर येतोच.

तीन टनी जॅक स्टँडवर, म्हणजे जॅकने उचललेली गाडी ज्यावर टेकवतात त्या लोखंडी घोडीवर, गाडी साधारण ४० सेंटीमीटर उंचीपर्यंत ठेवता येते. त्यातून छातीचे २५ वजा करा, उरले १५. बाजारातल्या क्रीपरची झोपायची फळी जमिनीपासून १० ते १२ सेंटीमीटर वर असते, वर गादी असेल तर आणखी थोडी. म्हणजे छाती आणि गाडीचं पोट यांच्यात जेमतेम तीन ते पाच सेंटीमीटर. एवढ्या जागेत पाना फिरवायला हात कुठून शिरणार? फळी जमिनीपासून पाच सेंटीमीटरवर असेल तर दहा सेंटीमीटर मोकळे मिळतात आणि माणूस काम करू शकतो. जाड गादीचा लोखंडी क्रीपर फोटोत राजेशाही दिसतो, पण घरच्या पोर्चमध्ये तो हीच दोन बोटं खातो. शिवाय रेक्झिनच्या शिलाईतून ऑइल आत झिरपतं आणि वर्षभरात फोमचा गोळा होतो. कमरेसाठी गादी हवीच असेल तर बोटभर जाडीची, ऑइल न शोषणारी रबरी चटई फळीला चिकटवून घ्या. उशी मात्र हवी. डोकं मागे लोंबकळत राहिलं तर मान आखडते आणि या वयात चक्करही येऊ शकते.

मोठं चाक आणि खाली फळी, ही दोन्ही मागणी एकाच क्रीपरमध्ये भागवणारी रचना आहे. तीत चाकं फळीच्या खाली नसतात, बाजूला असतात. सांगाड्याला दोन्हीकडे कान काढलेले असतात, कानांना वरून चाकं जोडलेली आणि फळी त्या चाकांच्या मध्ये खाली लोंबती, जमिनीपासून जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवर. झोळीत बाळ निजावं तसा माणूस चाकांच्या मध्ये निजतो. असा तयार क्रीपर मिळाला तर घ्याच. तुमच्या रकमेत नाही बसला तर साताऱ्यात तो बनवून घेता येतो, आणि खरं सांगायचं तर मला तीच वाट जास्त आवडेल. ज्या गावात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया तयार झाली, त्या गावात चौकोनी पाइप सरळ वेल्ड करणारा माणूस शोधायला वणवण करावी लागत नाही. त्यात तुमचे बाबा स्वतः फिटर. त्यांना आयता क्रीपर आणून देण्यापेक्षा "बाबा, तुम्ही मापं काढा, मी वेल्डरकडे घेऊन जाते" असं म्हणून बघा. म्हातारा समजण्याचा प्रश्नच मिटेल.

मापं मी सुचवतो, बाबा त्यात हवे ते बदल करतील. सांगाडा २५ बाय २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा, पत्रा १.६ मिलिमीटरचा, म्हणजे १६ गेज. वेल्डर १८ गेज पुढे करेल, तो घेऊ नका, कानांच्या जोडावर तो वाकतो. लांबी साधारण एक मीटर, म्हणजे डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत, पाय जमिनीवर राहायला हवेत कारण सरकवायचं काम तेच करतात. फळी खांद्यापाशी थोडी अरुंद ठेवा, कोपर बाजूला खाली सोडता आलं पाहिजे. फळीसाठी १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय घ्या. त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. साधं कमर्शियल प्लाय पावसाळ्यात पदर सोडतं. प्लायच्या चारही कडांना रंगाचे दोन हात द्या, पाणी कडेनेच शिरतं. कान काढताना एक गोष्ट वेल्डरच्या हमखास नजरेतून सुटते: चाक स्वतःभोवती पूर्ण गोल फिरलं तरी ते फळीला किंवा पाइपला लागता कामा नये. वेल्डिंगआधी चाक कानावर ठेवून हाताने गरगर फिरवून बघायला सांगा. बोल्टांना नायलॉन बसवलेले लॉक नट लावा, साधे नट कंपनाने सैल होतात. आणि कानांसकट एकूण रुंदी ६५ सेंटीमीटरच्या आत ठेवा, दोन स्टँडांच्या मधून जायचंय.

चार चाकांपैकी डोक्याकडची दोन ब्रेकवाली घ्या. कारण उतार, आणि दुसरं कारण पाना. घट्ट बसलेला ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल सोडायचा बोल्ट, सोडवताना पाना ओढला की बोल्ट हलायच्या आधी क्रीपरच सरकतो आणि माणूस पान्यासकट गाडीच्या दिशेने जातो. क्रीपर वापरणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी घडतं. ब्रेक लावता आला तर ठीक, नाही तर घट्ट बोल्ट सोडवण्यापुरतं क्रीपर बाजूला काढून जमिनीवर पाठ टेकणं उत्तम. तेव्हा गोणपाट काही वाईट नाही.

फरशी बदलता येणार नाही, पण झाकता येते. आठ बाय चार फुटी १२ मिलिमीटर प्लायचा एक ताव गाडीखाली सरकवला की सांधे गायब, क्रीपर कोब्यावर चालावा तसा चालतो. काम झालं की ताव भिंतीला उभा करा. जाड रबरी मॅट मात्र अंथरू नका, चाकं त्यात रुततात. जॅक आणि स्टँड या प्लायवर ठेवायचे नाहीत, ते खालच्या पक्क्या फरशीवरच, आणि तेही फरशी खालून पोकळ वाजत नसेल तर. शहाबादी पोकळ असेल तर स्टँडच्या पायाखाली तडकते. पान्याने टकटक करून बघा, भरीव आवाज आला पाहिजे.

आता स्टँडचं. ताई, तुमच्या पाच-सहा हजारांतून पहिला खर्च क्रीपरवर करू नका. बाबांकडे जॅक स्टँडची चांगली जोडी नसेल तर ती आधी घ्या, उरलेल्या पैशात चाकं आणि पाइप. विटा, सिमेंटचे ठोकळे, काळा दगड, जुनी रिम, यांतलं काहीही गाडीखाली चालत नाही. सिमेंटचा ठोकळा वाकून इशारा देत नाही, तो एकदम फुटतो. आणि जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही, हायड्रॉलिक जॅकचं सील कधी सुटेल ते सांगून सुटत नाही. जॅकने उचलायचं, स्टँडवर टेकवायचं, मग गाडीला बाजूने चांगला धक्का देऊन बघायचा. हलली तर परत बसवायची. खाली जायचं ते त्यानंतर.

ओम्नीसाठी एक गोष्ट वेगळी आहे, ती बाबांना माहीत असेलच, पण तुम्हीही लक्षात ठेवा. स्विफ्टची ओढ पुढच्या चाकांना असते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, म्हणजे गिअर आणि हँडब्रेक मिळून दोन्ही टोकं धरता येतात. ओम्नीची ओढ मागच्या चाकांना आणि हँडब्रेकही मागेच. ज्या क्षणी ओम्नीची मागची बाजू उचलली, त्या क्षणी गिअरही निकामी आणि हँडब्रेकही निकामी. गाडी फक्त पुढच्या मोकळ्या चाकांवर उभी असते, आणि तुमच्याकडे गेटच्या दिशेने उतार आहे. डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचं) ऑइल बदलायला किंवा प्रॉपेलर शाफ्टच्या (ओढ मागे नेणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसला ग्रीस मारायला मागची बाजूच उचलावी लागते. पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, मोठे लाकडी ठोकळे घट्ट ठोकल्याशिवाय हे काम करू देऊ नका. पाणसळ घरात असणारच, ती फरशीवर ठेवून उतार एकदा मोजा. बुडबुडा रेषेबाहेर पार कडेला जात असेल तर गाडी उचलायचं काम तुमच्या पोर्चमध्ये होऊच नये, सपाट जागा शोधा. या बाबतीत मी बाबांची समजूत काढणार नाही, तुम्हीच ठाम राहा.

ओम्नीला एलपीजी किट असेल तर आणखी एक. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, आणि क्रीपरवरचा माणूस बरोबर त्याच थरात श्वास घेत असतो. वास आला की बाहेर, गेट उघडं, आणि कोणताही दिवा लावायचा नाही की विझवायचा नाही.

वापरायच्या सवयींपैकी एकच सांगतो, कारण क्रीपर तिनेच सगळ्यात जास्त मोडतात. क्रीपरच्या कडेवर बसायचं नाही. कडेवर बसलं की सगळं वजन दोन चाकांवर येतं, दुसरी बाजू उचलते आणि क्रीपर पायाखालून पळतो. ६३ व्या वर्षी माकडहाडावर पडणं म्हणजे महिनाभराचं दुखणं. आधी गुडघा जमिनीवर, मग हात क्रीपरच्या दोन्ही बाजूंना, मग फळीच्या बरोबर मध्यावर बसायचं आणि मागे झोपायचं. उठताना उलट क्रमाने. गाडीच्या दाराला धरून उठायचं नाही, गाडी स्टँडवर आहे. जवळ एक जड टेबल किंवा पक्कं स्टूल ठेवा. आणि खांद्यावरचा टॉवेल घरात ठेवून यायचा, तो चाकात गुंडाळला जातो.

घडी करून स्टुलासारखे होणारे क्रीपर तुम्हाला ऑनलाइन दिसतील. ब्रेकपॅडच्या कामाला बसून बरं वाटतं, पण बिजागरीवाला सांगाडा कमरेपाशीच कमजोर असतो. ९२ किलोसाठी मी तो घेणार नाही. बसायला वेगळं चाकाचं स्टूल घ्या.

राहिली देखभाल. चाकांच्या आसात केस, सुतळीचे धागे, लोखंडाचा कीस अडकतो आणि चाक फिरायचं सोडून घासत जातं. दिवाळीच्या सफाईला क्रीपर उलटा करून ते चिमट्याने काढा, डिझेलच्या फडक्याने पुसा, आस आणि वरच्या फिरत्या भागाला ग्रीस द्या. पावसाळ्यात क्रीपर भिंतीला उभा टांगा, उन्हात ठेवू नका.

तुमच्या जुन्या प्लॅस्टिकच्या क्रीपरचं अंग धड असेल तर तो फेकू नका. त्याची राहिलेली चाकं काढून टाका, उरलेलं पसरट पान टायर बदलताना गुडघे टेकायला चांगलं. आणि वेल्डरकडे जायच्या आधी ओम्नी स्टँडवर चढवून बाबांना एकदा मोजपट्टी धरायला सांगा: पोटाखाली नेमके किती सेंटीमीटर मिळतात, आणि त्यांची स्वतःची छाती किती. आकडे मला कळवा, फळी किती खाली टांगायची ते मी कागदावर काढून पाठवतो.